बाबांची नवी चाल

एक खेळ आहे, एकदम फुकटचा. सकाळी ठाण्याच्या नाहीतर दादरच्या पुलावर दोन मिनिटं कडेला उभं राहायचं (ट्रेन सुटेल, सुटू दे!) आणि समोरून येणाऱ्या गर्दीचे फक्त पाय बघायचे. चेहरे नाहीत, मोबाइल नाहीत, फक्त पाय. कुणी टाच आपटत चालतं, कुणी चवड्यावर उड्या मारल्यासारखं, कुणाची एक चप्पल कायम मागे फरफटत असते. आपलं माणूस पाठमोरं असलं तरी आपण शंभरात ओळखतो, ते शर्टावरून नाही, चालीवरून. आणि ऑफिसात बॉस येतोय हे मान वर न करता कळतं की नाही? त्याच्या बुटांचा आवाज कॉरिडॉरच्या टोकाला असतानाच आपली क्रिकेटच्या स्कोअरची विंडो मिनिमाइझ झालेली असते. तेच ते.

हा खेळ मी गेली तीन वर्षं जरा जास्तच सीरियसली खेळतेय. मी ऐरोलीला एका आयटी कंपनीत टेस्टिंगमध्ये आहे. म्हणजे जुनं व्हर्जन आणि नवं व्हर्जन शेजारी-शेजारी ठेवायचं आणि काय सुधारलं, काय बिघडलं, काय जसंच्या तसं राहिलं ते शोधायचं, हा माझा पोटापाण्याचा धंदा. राहायला कर्जतला. कर्जतहून ठाणे, ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने ऐरोली, आणि संध्याकाळी तेच उलटं. (हो, रोज. हो, कंटाळा येतो. हो, विंडो सीट मिळते. झालं?) तर २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये माझ्या बाबांचा उजवा घोटा बदलला. गुडघा नाही हं, घोटा.

हे 'गुडघा नाही, घोटा' मला इतक्यांदा सांगावं लागलंय की शेवटी मी सांगायचंच सोडून दिलं. गुडघा बदललेली एक तरी मावशी, आत्या, आजी आता प्रत्येकाच्या घरात असते. घोटा बदललेलं माणूस तुम्ही पाहिलंय? आम्हीही नव्हतं पाहिलं. शेजारच्या काकूंना तर वाटलं की बाबांचा अख्खा पायच कापून नवा बसवला. त्या बघायला आल्या त्या घाबरत घाबरत, आणि पांघरुणाखाली बोटं हललेली बघून त्यांच्या जिवात जीव आला.

मुळात गुडघा बहुतेकांचा वयाने झिजतो, घोटा मात्र बहुतेक वेळा जुन्या दुखापतीने झिजतो. बाबांची दुखापत १९९७ ची. कर्जतच्या एका शाळेत ते भूगोल शिकवायचे आणि पावसाळ्यातला प्रत्येक रविवार डोंगरात घालवायचे. त्या जुलैत राजमाचीहून कोंढाण्याच्या वाटेने उतरताना शेवाळलेल्या दगडावरून पाय सटकला. घोट्याची दोन्ही बाजूंची हाडं मोडली. मित्रांनी आळीपाळीने पाठीवर घेऊन खाली कोंदिवड्यापर्यंत आणलं. प्लेट, स्क्रू, प्लास्टर, सगळं रीतसर झालं. मी तेव्हा पाच वर्षांची होते. मला आठवतं ते फक्त प्लास्टरवर स्केचपेनने काढलेलं रायगड जिल्ह्याचं आउटलाइन. ते त्यांनी स्वतःच काढलं होतं, मुरूडपासून खोपोलीपर्यंत. दुसरं काय काढणार?

पुढची पंधरा वर्षं पाय चालला. पण सांध्यातली कुर्ची, म्हणजे हाडांच्या टोकावरचं ते गुळगुळीत अस्तर, एकदा ओरखडलं की ते हळूहळू उडतच जातं. घोट्यात ते मुळातच पातळ, एक-दीड मिलिमीटरचं. आणि त्या एवढ्याशा जागेवर चालताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या चार-पाच पट भार येतो. बाबांच्या पन्नाशीनंतर सकाळची पहिली दहा पावलं दुखायला लागली. मग पहिली शंभर. मग शेवटची. मग सगळीच. आधी एका डॉक्टरांनी 'आता वयाप्रमाणे चालायचंच' असं सांगून गोळ्या दिल्या. त्या वाक्यातला 'चालायचंच' हा शब्द बाबांना फार लागला.

लंगडणं म्हणजे काय, हे मी तोवर कधी नीट बघितलंच नव्हतं. ऑपरेशनच्या महिनाभर आधी मी मोबाइलवर त्यांचा स्लो-मोशन व्हिडिओ काढला, आमच्या गल्लीत, एकदा बाजूने आणि एकदा मागून. बाजूच्या व्हिडिओत पहिली गोष्ट दिसली ती वेळेची. डाव्या पायावर ते आरामात उभे राहायचे आणि उजव्यावर जेमतेम टेकून पटकन पुढे. तापल्या तव्याला बोट लावल्यासारखं. दुसरी गोष्ट म्हणजे उजवं पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं होतं, घड्याळात दोन वाजल्यासारखं. ही शरीराची शुद्ध चलाखी. पाऊल सरळ ठेवलं तर नडगी घोट्यावरून पुढे झुकावी लागते. पाऊल वाकडं टाकलं की घोट्याला वाकावंच लागत नाही, माणूस तळपायाच्या आतल्या कडेवरून लोळत पुढे जातो. बाबांना यातलं काही माहीत नव्हतं. ते म्हणाले, "मी तर सरळच चालतोय की!"

एक साधं पाऊल किती भानगडीचं असतं बघा. आधी टाच टेकते. मग पाऊल हळूच खाली येऊन सपाट होतं. मग पाऊल जमिनीला चिकटलेलं राहतं आणि त्याच्यावरून नडगी पुढे झुकते. मग टाच उचलली जाते, सगळा भार चवड्यावर येतो आणि पोटरी मागून जोर लावून तुम्हाला पुढे ढकलते. हे झाल्यावर पाय हवेत. निरोगी घोटा वर-खाली मिळून साठ-सत्तर अंश हलू शकतो, पण सपाट रस्त्यावर चालायला त्यातले पंचवीस-तीस पुरतात. उरलेले कशासाठी, असं तुम्हाला वाटेल. ते जिन्यासाठी, चढ-उतारासाठी आणि उकिडवं बसण्यासाठी. म्हणजे थोडक्यात, कर्जतला राहण्यासाठी.

पर्याय दोन होते. एक, सांधाच कायमचा जाम करून टाकायचा. झिजलेला भाग काढायचा, नडगीचं हाड आणि त्याखालचं टॅलस नावाचं हाड स्क्रूने जोडायचं, दोन्ही मिळून एकच हाड होऊ द्यायचं. सांधा नाही तर सांधेदुखीही नाही. दुसरा पर्याय म्हणजे बदलायचा. घोट्याच्या पुढच्या बाजूने चीर देऊन वर धातूची एक चपटी बैठक, खाली टॅलसवर धातूची टोपी आणि दोघांच्या मध्ये घट्ट प्लास्टिकचा तुकडा. ऐकायला दुसरा पर्यायच मस्त वाटतो ना? पण या घोट्याचा इतिहास काही फार गोड नाही. पहिले कृत्रिम घोटे फ्रान्समध्ये १९७० च्या सुमारास बसवले गेले, आणि ते इतक्या लवकर सैल व्हायला लागले की पुढे बरीच वर्षं बहुतेक सर्जन 'त्यापेक्षा जामच करा' म्हणत राहिले. मग डेन्मार्कच्या कोफोएड यांच्यासारख्या सर्जननी डिझाइन सुधारलं. त्यांचा तीन तुकड्यांचा घोटा अमेरिकेत मंजूर व्हायला २००९ उजाडलं. आपल्याकडे आजही गुडघे बदलणारे पुष्कळ आणि घोटे बदलणारे मोजके.

त्यात आमच्याकडे 'जाम'चा एक चालता-बोलता नमुना होता. खोपोलीचे काका. सख्खे नव्हेत, बाबांचे ट्रेकिंगचे दोस्त. २००८ मध्ये जुन्या घाटात त्यांचा टेम्पो उलटला, घोट्याचा चुरा झाला आणि पुढच्या वर्षी तो जाम केला. तेव्हा ते सत्तेचाळीसचे. दिवसभर माल चढवायचा-उतरवायचा धंदा, त्यामुळे त्यांच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं की तुमच्या कामाला नवा सांधा टिकणार नाही, जाम केलेलाच टिकेल. आणि टिकलाय! सपाट रस्त्यावर काका चालताना बघितलेत तर तुम्हाला कळणारही नाही. बुटाचा तळवा होडीसारखा पुढे-मागे वर वळवून घेतलाय, घोटा जे काम करत नाही ते बूट करतो.

"दुखतं का?" हा बाबांचा पहिला प्रश्न.

"अजिबात नाही. पण उतार आला की मी खेकडा होतो," काका म्हणाले.

आणि खरंच होतात. उतारावर पाऊल पूर्ण टेकायचं तर नडगी पुढे झुकायला हवी, ती झुकत नाही. म्हणून काका आडवे होऊन उतरतात. शिवाय जे वाकणं घोटा करत नाही ते त्याच्या पुढचे छोटे सांधे करायला लागतात. तेरा वर्षांत काकांच्या त्या सांध्यांनीही आता कुरकुर सुरू केली होती. बाबांच्या डॉक्टरांना नेमकी हीच भीती होती. त्यांच्या घोट्याखालचा सांधा आधीच थोडा झिजलेला, म्हणजे वरचा जाम केला तर सगळा लोड खालच्यावर. वय बासष्ट, वजन आटोक्यात, शुगर नाही, पाय सरळ, आणि टेम्पो भरायचा नाही. "तुम्ही बदलण्याच्या बाजूचे पेशंट आहात," डॉक्टर म्हणाले. मग लगेच दुसरी बाजूही सांगितली. नव्या सांध्याची जखम भरायला त्रास होऊ शकतो, नसा दुखावू शकतात, आणि साधारण दहा वर्षांनी दहापैकी एक-दोन जणांचे सांधे पुन्हा उघडावे लागतात.

टेस्टर असल्यामुळे मी अर्थातच डेटा शोधला. इंग्लंडमध्ये पन्नास ते पंच्याऐंशी वयाच्या ३०३ जणांवर याचा रीतसर अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निम्म्यांचा घोटा बदलला, निम्म्यांचा जाम केला. त्याचा निकाल २०२२ मध्ये आला. वर्षभराने दोन्ही गट आधीपेक्षा खूपच बरे होते, आणि चालण्या-उभं राहण्यात दोघांमधला फरक इतका कमी की कोण जिंकलं हे छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. मला वाटलं होतं हे वाचून बाबा निराश होतील. ते उलट खूश! "म्हणजे काहीही निवडलं तरी पास आहे. मग मी माझ्या आवडीचा विषय घेतो."

नोव्हेंबर मुद्दाम निवडला. ओल्या अंगणात कुबड्या घसरतात, म्हणून पावसाळा टाळायचा होता. ऑपरेशन मुंबईत झालं. नंतरच्या दिवसांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सहा आठवडे पाय टेकायचा नाही, दिवसाचा बराचसा वेळ तो छातीपेक्षा उंच ठेवायचा, आणि आईने चिडचिड ऐकायची. मग अंतराळवीरासारखा मोठा बूट आला. मग तिसऱ्या महिन्यात साधे बूट, पण एक नंबर मोठे, कारण सूज. ही सूज इतकी चिवट की संध्याकाळी मोज्याची वीण पायावर उमटलेली दिसायची, आणि ते जवळजवळ वर्षभर चाललं. नवा सांधा बसला की माणूस पंधरा दिवसांत बागेत फिरतो ही आपली कल्पना गुडघ्यांच्या जाहिरातींवरून झालेली आहे. घोट्याचं घड्याळ वेगळं आहे.

खरी गंमत पुढेच आहे. चौथ्या महिन्यात दुखणं जवळपास गेलं होतं. आतला सांधा नवाकोरा. तरीही बाबा लंगडतच होते! मी व्हिडिओ काढला, जुन्याच्या शेजारी लावला, आणि पाऊल पुन्हा दोन वाजल्यासारखं वाकडं. पहिल्यांदा मला धस्स झालं, ऑपरेशन फसलं की काय. आमच्या फिजिओथेरपिस्टला दाखवलं. ती माझ्यापेक्षाही लहान, पण बाबांना ओरडायला अजिबात घाबरत नाही. ती म्हणाली, "काका, घोटा बदलला, डोकं तेच आहे ना! दहा वर्षं दुखणं चुकवत चाललात, ती सवय आहे." माझ्या भाषेत सांगायचं तर हार्डवेअर नवं आणि आत जुनंच सॉफ्टवेअर. दुसरी गोष्ट पोटरीची. उजवी पोटरी डावीपेक्षा दोन सेंटिमीटर बारीक झाली होती. सांधा कितीही गुळगुळीत असला तरी ढकलणार कोण? सांधा ऑपरेशन थिएटरमध्ये मिळतो, पोटरी घरीच करावी लागते.

मग ओट्याला धरून टाचा उचलणं सुरू झालं. आधी दोन्ही, मग एकच. जमिनीवर टॉवेल पसरून तो बोटांनी ओढणं. एका पायावर उभं राहून दात घासणं. (करून बघा. तिशीतच किती डुगडुगतो ते कळेल.) गल्लीत फिजिओने खडूने एक लांबलचक सरळ रेघ मारून दिली, आणि बाबा रोज सकाळी त्या रेघेवर पाऊल सरळ ठेवून, तोंडाने 'टाच, तळवा, अंगठा' म्हणत चालायचे. आयुष्यभर मुलांकडून अक्षांश-रेखांश घोकून घेणाऱ्या माणसावर ही वेळ! गल्लीतली पोरं मागून तसंच म्हणत चालायची. मला वाटतं त्या पोरांनीच बाबांना बरं केलं. लाजेपायी का होईना, एकही दिवस चुकला नाही.

सहाव्या महिन्यात गोनिओमीटर नावाच्या कोन मोजायच्या पट्टीने मोजमाप झालं. ऑपरेशनच्या आधी घोटा वर-खाली मिळून अठरा अंश हलायचा. आता पंचवीस. फक्त सात अंश जास्त! मी खरं सांगते, माझा चेहरा पडला. एवढा खर्च, एवढे महिने, आणि सात अंश? पण डॉक्टरांनी हे आधीच बजावलं होतं की आखडलेला घोटा बदलला तरी तो काही लहान मुलाचा घोटा होत नाही, आधी जेवढा हलत होता त्याच्यापेक्षा थोडा जास्त हलतो, बस्स. खरा फायदा हा की जेवढा हलतो तेवढा न दुखता हलतो, आणि म्हणून माणूस तो वापरतो. बाबांनी मात्र त्याचा भूगोल केला. "भोर घाटाचा चढ किती? सदतीसला एक. म्हणजे जेमतेम दीड अंश. त्या दीड अंशासाठी कर्जतला गाडीला मागून इंजिनं लावावी लागतात. मला सात मिळालेत!"

त्याच सुमाराला, २०२३ च्या १९ जुलैच्या रात्री, इर्शाळवाडीवर दरड कोसळली. खालापूर तालुक्यात, चौकच्या वर, इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकरांची वाडी. वर जायला गाडीरस्ता नव्हता. मदत करणारे सगळे भर पावसात, चिखलातून पायी वर गेले, मशिनरी वर नेता आली नाही. सत्तावीस मृतदेह मिळाले, सत्तावन्न माणसं मिळालीच नाहीत, आणि २३ तारखेला शोध थांबवला. इर्शाळगडाला जाताना त्या वाडीतल्या अंगणात बाबा कितीतरी वेळा पाणी प्यायले होते. पहाटे त्यांच्या जुन्या ग्रुपमधल्या पोरांचे फोन यायला लागले. बाबांनी कपाटातून ट्रेकिंगचे बूट काढले, लेस बांधली. आई दारात उभी राहिली, एक शब्द बोलली नाही. पाच-दहा मिनिटं ते तसेच खुर्चीत बसले होते. मग त्यांनी लेस सोडली, आणि दिवसभर फोनवर कोण निघालंय, कुणाकडे दोर आहेत, कुणाला वाट माहीत आहे हे जुळवत बसले. आठ महिन्यांचा घोटा आणि तो चिखलाचा चढ, हे जमणार नाही हे त्यांना आमच्याआधी कळलं होतं. त्या दिवसाबद्दल ते अजूनही बोलत नाहीत.

आपल्या भागात चालणं ही मॉर्निंग वॉकची गोष्ट नाहीये, हे मी त्या वर्षी शिकले. शहरातले लेख वाचले तर दिवसाला किती पावलं, हाच हिशेब. पण पावलांची जातकुळी वेगवेगळी असते! कर्जत स्टेशनचा जिना चढताना बाबांना काहीच वाटत नाही. उतरताना वाटतं, कारण एक पाय खालच्या पायरीवर जाईपर्यंत मागे राहिलेल्या पायाचा घोटा खोल वाकावा लागतो. म्हणून नियम असा की चढताना चांगला पाय आधी, उतरताना बदललेला पाय आधी. लोकलमधून उतरतानाही तेच, फक्त मागून ढकलणाऱ्या पब्लिकला हा नियम माहीत नसतो. मग बाबा सरळ सांगतात, "दोन मिनिटं थांब रे, हा पाय नवीन आहे." आणि लोक थांबतात! नवीन गाडीला वाट देतात तसे.

भाताच्या बांधावरून चालणं हे अजून वेगळं. तिथे पाऊल डावी-उजवीकडे कलावं लागतं, आणि हे काम घोट्याचं नाहीच, त्याच्या खालच्या सांध्याचं. तो तर जुनाच आहे, थोडा झिजलेला. त्यामुळे घोटा बदलल्यावर बांधावर कसं वाटतं, असं विचारलं तर बाबांचं उत्तर 'होतं तसंच.' काठी घेतात. खालापूरजवळच्या महडला वरदविनायकाला गेलो होतो (हे अष्टविनायकातलं महड, चवदार तळ्याचं महाड नव्हे), तिथे अनवाणी फरशीवर चालताना ते एकदम म्हणाले, "बूट नसले की कळतं, टाच उचलताना डावा पाय ढकलतो आणि उजवा नुसता सुटतो." हे वाक्य मी फोनमध्ये लिहून ठेवलं. कारण माझ्या व्हिडिओतही शेवटपर्यंत राहिलेला फरक तोच आहे. वेग वाढला, पावलं लांब झाली, दोन्ही पायांवरचा वेळ जवळपास सारखा झाला, पाऊल घड्याळात दोनवरून साडेबारावर आलं. पण शेवटचा तो जोर उजव्यात डाव्याएवढा आला नाही. डॉक्टर म्हणाले, बहुतेकांचं असंच होतं, आणि जे काही सुधारायचं ते बहुतेक पहिल्या वर्षात सुधारतं.

काही गोष्टी गेल्या त्या गेल्याच. उकिडवं बसणं नाही, त्याला घोटा फारच वाकावा लागतो. गावाकडच्या लग्नात पंगतीला बसणं नाही. गणपतीच्या आरतीला बाबांची खुर्ची, आणि त्या खुर्चीवरून घरात पहिल्यांदा भांडण झालं, कारण त्यांना ती मागे भिंतीला हवी होती आणि आईने मुद्दाम मधोमध ठेवली. पळणं, उडी मारणं बंद. प्लास्टिकचा तुकडा झिजतो म्हणून. एकदा कर्जतला शेवटची ठाणे लोकल सुटताना बाबा सवयीने धावायला निघाले आणि मीच हात धरून मागे ओढलं. गाडी गेली. आम्ही स्टेशनवर दिवाडकरांचा वडा खाल्ला. नुकसान काही झालं नाही.

आवाज बदलला ही मात्र कुणीच न सांगितलेली गोष्ट. बाबांच्या येण्याचा आवाज आमच्या घराला वर्षानुवर्षं पाठ होता: एक ठप्प, एक सर्रर्र. तो ऐकून आई चहा टाकायची. आता दोन्ही पावलं सारखीच वाजतात. ऑपरेशननंतर पहिल्या वर्षी आई दोनदा-तीनदा दचकून 'कोण आहे?' म्हणाली. "अगं मीच," म्हणत बाबा आत यायचे, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद काय सांगू! चहा उशिरा मिळतो ही त्यांची नवी तक्रार.

वर्ष झाल्यावर आम्ही माथेरानला गेलो. दस्तुरीला गाड्या थांबतात, पुढे बाजारपेठेपर्यंत अडीच-एक किलोमीटर लाल मातीची वाट. अमन लॉजवरून शटल ट्रेन मिळते, पण बाबांनी तिकडे बघितलंही नाही. खोपोलीचे काका होते सोबत. सपाटीला दोघं बरोबरीने, गप्पा मारत. चढाला काका थोडे पुढे. आणि पहिला बरा उतार आला तिथे बाबा सरळ उतरले, हळू, काठी टेकत, पण तोंड समोर करून. काका मागून आडवे-आडवे.

"लबाडा, सरळ उतरतोस!" काका मागून ओरडले.

"सात अंश!" बाबा वळूनही न बघता म्हणाले.

मी मागे होते, मोबाइल चालू होता. त्या क्लिपमध्ये दोन पाठमोरे म्हातारे, लाल धूळ आणि एक घोडा. कामाच्या दृष्टीने क्लिप टाकाऊ, कारण धुळीत पाय नीट दिसतच नाहीत.

आता दरवर्षी नोव्हेंबरमध्ये एक्स-रे असतो. धातू आणि हाड यांच्यामध्ये काळी रेघ दिसते का, एवढंच बघायचं. यंदाही दिसली नाही. काकांच्या पुढच्या सांध्यांचा निर्णय मात्र लांबवता येईल असं वाटत नाही, आणि त्यांनी तो बाबांवर सोडलाय, डॉक्टरांवर नाही. सध्या दोघांची चर्चा वेगळीच चालू आहे. जानेवारीत, वाट कोरडी असताना, कोंढाण्याच्या लेण्यांपर्यंत जायचं. फक्त लेण्यांपर्यंत, वर राजमाचीला नाही. आईची अट अशी की पहाटे निघायचं, दोन काठ्या घ्यायच्या आणि मी बरोबर हवी. मी शुक्रवारची सुट्टी टाकली आहे. अजून मंजूर झालेली नाही.